खोटी पुसलेली पाटी

“आई, तुझको मुझपे भरोसा है क्या?”

आईला हे विचारायची मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून रीनाने विचारलं. आई भेंडी चिरत राहिली. बाबा म्हणाले, “कोणता भरवसा? कराटे पंधरा दिवस, तबला आठ. मागच्या भीमजयंतीले बुद्धविहारात भाषणासाठी तुझं नाव पुकारलं, अन् तू घरी पळून आली. यंदा पत्रिका छापणाऱ्या शामरावले सांगून टाकलं, कार्यक्रमाच्या पत्रिकेत पोट्टीचं नाव नको.”

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. रीनाची आई, कमला, लहानपणी माझ्यावरच अक्षरं शिकली. पुढे रायपूरच्या या रेल्वे क्वार्टरमध्ये मी वीस वर्षं कपाटामागे धूळ खात होते. त्या दिवशी रीनाने मला ओढून काढलं आणि फ्रिजवर उभं केलं. नियम एकच. सकाळी लिहायचं, काम झालं तरच पुसायचं.

तिने लिहिलं, ‘भाषणाच्या पाच ओळी पाठ, मराठीत.’ मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी ही पोरगी!

आठ दिवस झकास गेले. मला तर गर्वच चढला. नवव्या दिवशी तिची मैत्रीण ज्ञानदा स्कूटी घेऊन आली आणि दोघी बूढ़ा तालाबवर फिरायला गेल्या. परतल्यावर आईने विचारलं, “पाठ झालं का वं?”

“हव, हो गया,” म्हणत रीनाने ओल्या बोटाने मला पुसलं.

कुणालाच कळलं नाही. फक्त तिला आणि मला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पत्रिका छापायला जाणार होती. सकाळी रीना पेन्सिल धरून माझ्यासमोर नुसती उभी. मला वाटलं, आता परत कपाटामागे. तेवढ्यात तिने लिहिलं, ‘काल खोटं पुसलं. आज दहा ओळी.’

आईने ते वाचलं. रागावली नाही. शाळेतून आल्यावर मात्र तिला समोर बसवलं. “म्हण.”

सातव्या ओळीला रीना अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडली. साडेपाच वाजले. बाबा ड्यूटीवरून आले आणि बूट न काढता दारातच थांबले. तिसऱ्या वेळी दहावी ओळही न अडता संपली, तेव्हा रीनाने फडकं आईच्या हातात दिलं. “तू पूस.”

कमलाच्या हाताची ऊब मला किती वर्षांनी मिळाली!

मित्रांनो, माझ्यावर थोडंच लिहा, पण खोटं पुसू नका. खोटं पुसल्याचा डाग लिहिणाऱ्याला दिसतोच.

रीना बाबांकडे वळली. “बाबा, शामरावकाकाले फोन लावा. माझं नाव छापायले सांगा. मी बोलणार आहे, अन् मराठीतच.”