फाइलीत राहिलेलं नाव

माणूस आवरायला लागला की आधी आपल्याच पायांचे ठसे पुसतो. ताईनंही तेच केलं, आणि तिथंच घात झाला.

कारखान्यात भट्टीवर माणसं भाजून मरत होती आणि कागदोपत्री 'काम सोडून गेली' म्हणून नोंदली जात होती. बघवेना, तेव्हा ताईनं आणि धाकट्या भावानं मिळून कामगारांच्या फोनसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अपघात झाला की फोटो काढायचा नि पाठवायचा. पाठवणाऱ्याचं नाव कुठंच उमटणार नाही. भाऊ त्याच कारखान्याच्या संगणक विभागात होता. मागच्या वर्षी तोंड उघडलेला फोरमन चौकशीला गेला, तो अजून यायचाय.

"ताई, लिहिणाऱ्याचंही नाव राहायला नको हं," भाऊ म्हणाला होता. "तयार फाइलीच्या पोटात मूळ फाइलीचा पत्ता बसतो. कुणाचं मशीन, कुणाचं फोल्डर, सगळं. चूक झाली तर शोधता यावी म्हणून."

"मला शिकवतोस? तुला अक्षरं कुणी गिरवायला लावली?"

"म्हणून तर अक्षर असं आहे!"

ताईनं आपल्या मशीनवरचे सगळे पत्ते काढून टाकले. तयार फाइलीत स्वतःचं नाव शोधून पाहिलं. एकदा नाही, सात वेळा. कुठंच नव्हतं. देवाचे आभार मानून तिनं फाइल कामगारांना धाडून दिली.

पण फोटो लपवणारा भाग भावानं आपल्या मशीनवर तयार करून पाठवला होता. ताईनं तो तसाच जोडला. त्याचं फोल्डर शोधायचं तिच्या मनातही आलं नाही. फोल्डरचं नाव होतं 'भुंगा'. पोरगा सदा गुणगुणतो म्हणून आईनं पाळण्यात असल्यापासून ठेवलेलं.

तीन आठवड्यांत अकरा फोटो बाहेर आले. आणि एका सकाळी दारावरची घंटा वाजली. आईनं दार उघडलं तर दोन अनोळखी माणसं.

"भुंगा आहे का घरात?"

आईचा चेहरा खुलला. "अगंबाई, म्हणजे अगदी जवळचे मित्र दिसता! बाहेर कुणालाच ठाऊक नाही हे नाव. या ना, दाढी करतोय तो."

दोघांतल्या एकानं संगणक विभागाची यादी काढली. आधीच्या तीन नावांवर काट मारलेली होती. "चौथं घर," तो दुसऱ्याला म्हणाला.

ताई आतून ऐकत होती. ती तडक बाहेर आली.

"प्रोग्रॅम माझा आहे. सगळा मी लिहिलाय. ते फोल्डरही माझंच."

त्या माणसानं छापील कागद तिच्यापुढे धरला. "बाई, कामगाराच्या फोनमधली अख्खी फाइल पालथी घातलीय आम्ही. तुमचं नाव कुठं आहे ते दाखवा, तुम्हाला नेतो."

तिनं कागद वरपासून खालपर्यंत चाळला. दाखवायला काहीच नव्हतं.

भाऊ गालावरचा साबण पुसत आला. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"तुझं काम चोख गं, ताई," तो हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. त्यानं चपला घातल्या.

त्याला नेणारी गाडी वळणाआड गेली. ताईनं फाइल उघडली आणि पहिल्यांदाच 'भुंगा' शोधला.

एकेचाळीस ठिकाणी होता.

"अगं, जेवायला येईल ना तो?" आईनं मागून विचारलं. "मित्रच होते ना?"