अठरा सेकंदांचा निरोप

वजनकाटे दुरुस्त करण्यात दादाचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण फोनवर निरोप ठेवायची वेळ आली की स्वारी घसरायची. गिऱ्हाइकाने फोन उचलला नाही, तर हा बीपनंतर आधी हवापाणी विचारणार, मग स्वतःच्या गुडघ्याचं पुराण, मग काट्याचं, आणि नंबर सांगायच्या आत मिनिट संपून फोन कट. अशानेच एका मोठ्या गोदामाचं काम हातचं गेलं.

त्या दिवशी धाकट्या बहिणीचा पारा चढला. अख्खं दुकान तिला ताई म्हणायचं आणि टरकून असायचं. तिने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: नमस्कार सर किंवा मॅडम. आपण कोण. एकच काम. कधीपर्यंत फोन करायचा. नंबर दोनदा, सावकाश. वीस सेकंदांत बस्स. आणि खाली लाल शाईने: रडगाणं नको. कामगारांदेखत तिने तो पुठ्ठा त्याच्यापुढे आपटला.

"हे पाठ कर, नाहीतर फोनला हात लावू नकोस!"

दादाने पुठ्ठा पिशवीत घातला आणि महिन्याभरात दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान थाटलं. तिथूनही सुरुवातीला त्याचे लांबलचक निरोप यायचे. "चिमे, जेवलीस का गं..." एवढं ऐकलं की ताई पुसून टाकायची. तिला कामं होती ना! पुढे निरोपही थांबले आणि दोन वर्षं अबोला राहिला.

मग एका बुधवारी फोनवर त्याचा निरोप आला.

"नमस्कार मॅडम. मी काटेदुरुस्तीवाला बोलतोय. तुमच्याशी बोलायचं होतं. शुक्रवारी पाचपर्यंत फोन करा. नंबर लिहून घ्या." नंबर दोनदा, सावकाश. "धन्यवाद."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या बहिणीला मॅडम? दोन वर्षांनी बोलला, तोही टोमणा! तिने निरोप ठेवून दिला, कामगारांना ऐकवून त्यांना हसवलं, आणि फोन काही केला नाही. शुक्रवारचे पाच वाजले तेव्हा तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं होतं, हे मात्र खरं. पण माघार घ्यायची कुणी?

रविवारी वहिनीचा फोन आला.

"ताई, काल यांचं गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. जीव वाचला, पण आवाज गेला. जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

"मग मला सांगायचं नाही का, वहिनी?"

"मी म्हटलं होतं, आजाराचं सांगा. तर म्हणाले, तिला रडगाणं आवडत नाही. तो पुठ्ठा समोर ठेवून नऊ वेळा म्हणून बघितलं हो. शुक्रवारी पाचपर्यंत फोन हातात धरून बसले होते. मग दवाखान्यात जायला निघालो."

फोन ठेवून ताई त्याच्या जुन्या रिकाम्या स्टुलावर बसली आणि पोटभर रडली. आपली जीभ झडली कशी नाही, असं तिला वाटलं. मग फोनमध्ये ती त्याचे जुने निरोप शोधू लागली. गुडघ्याचं, हवापाण्याचं, काहीही चाललं असतं. पण चिमे म्हणणारा एकही राहिला नव्हता.

होता तो एवढाच, अठरा सेकंदांचा. आणि त्यातही निम्मा वेळ नंबरच होता, तिला तोंडपाठ असलेला.