तळ जुळणारे तीन रकाने

भाषा मरू नये म्हणून प्रत्येक पिढीत काही माणसांना आयुष्य पणाला लावावं लागतं. आमच्या पिढीत हे काम एकोणीस जणांनी केलं. एकोणीस ही सदस्यनावं. माणसं तेराच होती. उरलेली सहा नावं आमच्यातल्या एकट्या दंतवैद्याची. वादात आपल्या बाजूने कोणीतरी असावं असं त्याला वाटे, आणि तसं कोणी मिळत नसे. एकदा त्याचीच दोन नावं आपसांत भांडली आणि त्यातलं एक कायमचं रुसून निघून गेलं.

इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतून यायचं आणि येताना किंचाळायचं. ते चालू असलं की घरचा फोन बंद, त्यामुळे भाषेची सेवा करणाऱ्याला घरच्यांची बोलणी खावी लागत. आपल्या लिपीचा फॉन्ट उतरवून घेतला नसेल तर सगळा मजकूर चौकोनांत दिसे. मग चौकोनांतच विचारावं लागे की चौकोन का दिसताहेत, आणि उत्तरही चौकोनांतच येई. तरी ऑफिसातून आलं की बूट न काढता मी आधी मॉनिटरचं बटण दाबायचो. तो उजळेपर्यंत खुर्चीत जी धडधड व्हायची, ती पुढे कुठल्याच पडद्यासमोर झाली नाही.

शब्दांवर चर्चा करायचा आमचा इंटरनेटवरचा मंच मुकादमाने काढला होता. मुकादम हे त्याचं सदस्यनाव. पोटापाण्यासाठी तो पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायचा. म्हणून की काय, त्याला सगळं सरळ रेषेत लागे. मंचावरचं प्रत्येक पान तीन रकान्यांचं: डावीकडे शब्द, मध्ये चर्चा, उजवीकडे वापर. आणि तिन्ही रकान्यांचा तळ एका रेषेत आलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. चर्चा नेहमीच लांबायची, त्यामुळे ते कधीच जुळत नसे. पण निदान रिकामं पान तरी जुळलेलं दिसावं, म्हणून त्यात आधीपासून काही भरताड मजकूर घालून ठेवायचं ठरलं. सदस्याने पान उघडायचं, भरताड पुसायचं आणि आपलं लिहायचं.

भरताडाला अर्थ नसावा, एवढीच अट होती. आमच्यातल्या मुख्याध्यापकांनी लिहिलं, ‘इथे मजकूर येईल.’ त्यावर लगेच विचारणा झाली, ‘कधी येईल?’ मग फुलांची नावं घातली, तर एका बाईंनी त्यातली निम्मी चुकीची ठरवली. मग नुसती अक्षरं घातली. दंतवैद्याला त्यात शिवी दिसली. त्याच्या आणखी दोन नावांनाही दिसली. त्या निमित्ताने मंचावर सर्वांत मोठी चर्चा झाली आणि ती ‘रकाना म्हणावं की स्तंभ’ या वळणावर जाऊन कायमची तिथेच बसली.

शेवटी मुकादम वैतागला आणि एका संध्याकाळी त्याने स्वतःच भरताड टाकलं. डावीकडे होतं:

‘अहो, ती खिडकी लावा, डास येताहेत. दुधाखालचा गॅस बंद करा म्हटलं होतं. मी एकटी कुठं कुठं बघू?’

मध्ये:

‘शेजारच्यांचा फोन आला होता. त्यांची मोठी परत आली म्हणे. नवऱ्याशी पटत नाही. पटत कुणाचंच नाही, आपण बोलत नाही इतकंच.’

उजवीकडे:

‘जेवण निवतंय. मी बसू का, की थांबू? थांबते. मला कुठं ऑफिस आहे.’

यावर कोणीही हरकत घेतली नाही. बाकीच्या बारा घरांत बारा जणांनी ते वाचलं आणि प्रत्येकाने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं असणार. मी तरी पाहिलं. मुकादमाने हे बसल्या बसल्या रचलं, असं आम्ही धरून चाललो आणि त्याच्या प्रतिभेबद्दल थोडा हेवाही बाळगला. तिथून पुढे मंचावर काही लिहायचं म्हणजे आधी त्या बाईचं बोलणं वाचायचं, मग पुसायचं. पुष्कळांना पुसल्यावर काही सुचत नसे. ते पान तसंच सोडून उठत. अशी हजारो पानं जमली आणि मंचाची पृष्ठसंख्या अभिमानाने सांगण्याजोगी झाली.

मुकादम गेल्या वर्षी गेला. परवा त्याच्या मुलीचा फोन आला. “काका, बाबांचा मंच बंद करायचाय. काय ठेवायचं, काय टाकायचं, जरा येऊन सांगाल? मला त्यातलं काही कळत नाही. आईला तर त्याचं नावही नको.”

मी आणि दंतवैद्य गेलो. दंतवैद्याला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होतो. एवढ्या नावांच्या मानाने माणूस फारच किरकोळ निघाला.

मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. बाजूला भिंतीला लागून मुकादमाची खुर्ची, तोंड भिंतीकडे, पाठ स्वयंपाकघराच्या दाराला. आत भांड्यांचा आवाज येत होता.

“आईचं एकच म्हणणं,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “जन्मभर बोलले, पण ह्या माणसाच्या कानावर एक अक्षर गेलं नाही. भिंतीशी संसार केला म्हणते. ते गेल्यापासून हे जास्तच मनाला लावून घेतलंय.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवता ठेवता लेकीला म्हणाल्या, “अगं, ती खिडकी लाव, डास येताहेत.”

“दुधाखालचा गॅस बंद करा म्हटलं होतं,” दंतवैद्य म्हणाला. “मी एकटी कुठं कुठं बघू?”

तो हे मुद्दाम म्हणाला नव्हता. मलाही तेच तोंडात आलं होतं, कप उचलायला वाकलो होतो म्हणून वाचलो.

वहिनी ट्रे धरूनच उभ्या राहिल्या. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मंचावर आहे, वहिनी,” मी म्हणालो. “रिकाम्या पानांवर.”

“म्हणजे माझी गाऱ्हाणी हे चारचौघांत सांगत बसायचे?”

“चारचौघं नाही हो,” दंतवैद्य समजुतीच्या सुरात म्हणाला. “एकोणीस जण होतो.”

मुलीने घाईघाईने एक रिकामं पान उघडलं आणि लॅपटॉप आईकडे वळवला. वहिनींनी चष्मा लावला. डावा रकाना वाचला. मधला वाचताना ओठ हलले. उजव्याशी आल्यावर त्या मुकादमाच्या खुर्चीत बसल्या. आम्ही दोघं चहात काहीतरी पडल्यासारखं कपात पाहत राहिलो.

“हे त्याच दिवशीचं आहे,” त्या म्हणाल्या. “शेजारणीची मोठी परत आली त्या दिवशीचं. मी आतून बोलत होते. हे इथं पाठ करून बसलेले, टकटक टकटक चाललेलं.” मग चष्मा काढून पुसला, परत लावला. “एवढं सगळं ऐकू येत होतं, तर उठले का नाहीत?”

हा प्रश्न मंचावर आला असता तर दंतवैद्याने सहा उत्तरं दिली असती.

“आणि यात एक वाक्य कमी आहे,” वहिनी म्हणाल्या.

“कमी?” मुलीने विचारलं.

“‘मला कुठं ऑफिस आहे’ म्हटल्यावर मी थांबले होते जरा. मग म्हटलं होतं, ‘या ना.’ ते ऐकलं नाही वाटतं.”

त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे सगळं ऐकलं, आणि नेमकं तेच नाही.

“ऐकलं असणार,” मी म्हणालो. “मुली, ते दोन शब्द टाकून बघ बरं तिथं.”

तिने उजव्या रकान्यात ‘या ना’ लिहिलं. शेवटची ओळ भरलेलीच होती. शब्द खाली उतरले आणि उजवा रकाना इतर दोहोंपेक्षा एक ओळ लांब झाला.

“तळ जुळत नाही बघा,” मी म्हणालो. “म्हणून काढलं त्याने.”

वहिनींनी त्या लोंबणाऱ्या ओळीवर बोट टेकवलं. मग एकदम हसल्या, तोंडाला पदर न लावता. “जन्म गेला नळांच्या रेषा सरळ काढण्यात,” त्या म्हणाल्या. “बायको बोलावतेय, आणि ह्यांचा तळ जुळत नाही.” डोळे पुसून लेकीला म्हणाल्या, “हे पान राहू दे. ते दोन शब्दही राहू देत. खाली आले तर येऊ देत.”

“आणि बाकीचं?” मुलीने विचारलं. “ही सगळी चर्चा?”

“कसली चर्चा आहे?”

“रकाना म्हणावं की स्तंभ,” दंतवैद्य खुर्चीत ताठ होत म्हणाला.

“टाकून द्या,” वहिनी म्हणाल्या.

मुलीने तेवढं एक पान ठेवून मंच बंद केला आणि पानाचा पत्ता आम्हा सगळ्यांना पाठवला. मी घरी येऊन फोनवर उघडून पाहिलं. फोनवर रकाने शेजारी शेजारी येत नाहीत, एकाखाली एक येतात. तळ जुळवायचा प्रश्नच येत नाही.