दोन कट्टे आणि समुद्र

आमच्या ह्यायले समुद्राचा नाद लागला, तेव्हाच माह्या मनात पाल चुकचुकली. समुद्रापासून इतक्या लांब, उंद्रीसारख्या खेड्यात राहून कोणी समुद्र पायते का? रोज सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचे अन् मोबाईलातल्या निळ्या नकाशावर बोट फिरवायचे. "काय पाहून राह्यले?" म्हटलं, तं म्हणे, "समुद्र." मी म्हटलं, हाव, अन् साडी कोणत्या रंगाची नेसते तो समुद्र? हे नुसते हसले. हसले म्हणजे नक्कीच काहीतरी शिजून राह्यलं होतं.

मृगात दोन पाऊस पडले, गाव पेरायले निघालं. हे म्हणे, "हा पाऊस इथल्या उकाड्याचा हाय, जयमाला. समुद्रावरचा वारा अजून निघालाच नाही. आपल्या वावराचं पाणी तिकडूनच येते. तो आल्याबिगर पेरायचं नाही."

त्याच दिवशी मी घरच्या सोयाबीनच्या बियाण्याची पोती मोजायले गेली, तं चार कट्ट्यांतले दोन गायब! वर्षाचं पोट त्याच्यावर. विचारलं, तं म्हणे, "असतील कुठं तरी." हाय का आता! गेले असतील त्या मोबाईलवालीच्या दारात. उरलेलेही जातील, या भेवानं माह्या डोळ्याले डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी हे मलकापूरले तेरवीले गेले. मी तडक सहदेवभाऊचा ट्रॅक्टर बोलावला अन् दोन्ही कट्टे पेरून टाकले. हे आल्यावर मी सांगतलं, तं ह्यायनं उभ्या उभ्याच मोबाईल काढून तो नकाशा पाह्यला.

मंग पावसानं जी दडी मारली! अठरा दिवस झाले तरी थेंब नाही. कोंब मातीतच करपले. मी माती उकरून पाह्यली अन् ढसाढसा रडली. माह्याच हातानं लेकरायच्या तोंडचा घास गेला होता.

एकोणिसाव्या दिवशी हे नकाशा पाहता पाहता ओट्यावरून ओरडले, "निघाला वारा!" दोन दिवसांत झड लागली. पाऊस उघडला, तसे किराणावाले वहाबभाई ऑटो घेऊन दारात. ऑटोत आमचेच दोन कट्टे!

"भाभी, गणेशभाऊनं माह्या दुकानात ठेवायले दिले होते. घरी कोणाले दम निघत नाही, पेरून टाकतील म्हणे."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुम्हाले माह्यावर भरवसा नव्हता?"

ह्यायनं कट्टा खांद्यावर घेतला. "तुले होता का माह्यावर?"

वावर पेरून झाल्यावर मी पदराले हात पुसले अन् ह्यायच्या बाजूले जाऊन बसली.

"आणा तो मोबाईल," म्हटलं. "दाखवा मले, कुठं हाय तुमचा समुद्र."