मिल्टन रायसिगची हार

अगं ब्री, ती कॉफी खाली ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं सांगून होणार नाही. आणि हे इथून बाहेर गेलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज.

सोमवारची गोष्ट. मतदानाचा आदला दिवस. बाकी सगळे मतदानयंत्रं घेऊन शाळेत गेलेले, काउंटी कचेरीत खिडकीवर मी एकटी. दार उघडलं, आधी वारा आत आला आणि वाऱ्यामागून मिल्टन रायसिग. तोच गं, साखर कारखान्यात साखरेच्या बीटचे ट्रक वजन करायचा तो. अडतीस वर्षं काट्यावर बसला. टोपी काढून खिडकीत ठेवली आणि म्हणाला, "टेस, ओपलचं पाकीट पोचलं का तुमच्याकडे?"

ओपल म्हणजे त्याची बायको. गुरुवारी गेली. शनिवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं, मीच कोबी-खिम्याचे बन वाढले. तू डेन्व्हरला होतीस. तिनं आजारपणामुळे मत टपालानं पाठवलं होतं, तीन आठवड्यांपूर्वीच.

मी म्हटलं, "पोचलंय, मिस्टर रायसिग. पण..."

"पण मोजणार नाही. मतदानाच्या दिवशी माणूस जिवंत पाहिजे. वाचलंय मी ते. मोज असं म्हणायला आलेलो नाही."

मला हायसं वाटलं. वाटलं, म्हाताऱ्याला नुसती चौकशी करायची असेल, होईल आणि जाईल. कसलं काय!

तुला त्या दोघांचं माहितीय ना? अख्ख्या गावाला माहितीय. तो आपल्या पक्षाचा. आपल्या म्हणजे काय, इथे दुसरा आहे कुठे? मतपत्रिकेवर निम्म्या जागांना एकच नाव असतं. शेरीफ एकच, खजिनदार एकच. अध्यक्षाला तेवढी दोन नावं, कारण तो अख्ख्या अमेरिकेचा असतो. आणि आपलं राज्य कुणाला जाणार ते माझी आई जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. मागच्या खेपेला आपल्या गावातून त्या दुसऱ्या पक्षाला अकरा मतं पडली, आणि ती अकरा माणसं कोण ते कुणीही बोटावर मोजून सांगेल. पहिलं बोट ओपलचं.

दर चार वर्षांनी सप्टेंबर लागला की दोघांची जुंपायची. घरात, चर्चच्या पायऱ्यांवर, किराणा दुकानात टोमॅटोच्या डब्यांसमोर. मी लहान असताना एकदा कॅफेत त्यांच्या मागच्याच टेबलावर होते. मिल्टन म्हणत होता, "तुझं मत म्हणजे बीटच्या ट्रकवर बसलेली माशी आहे, ओपल. माझा काटा हलत नाही!"

ती शांतपणे ॲपल-पायचा तुकडा मोडत म्हणाली, "तुझा काटा नसेल हलत. माशीला तर माहितीय ना, ती बसलीय ते."

"राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला अख्खं राज्य! मग कशाला जीव काढतेस?"

"आणि तू कशाला काढतोस? तुझा माणूस तर तू घरी झोपलास तरी येणार आहे."

सगळं कॅफे हसलं. मिल्टनसुद्धा. मग तिच्याच बशीतला ॲपल-पाय खाल्ला त्यानं.

तर सोमवारी तो खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून उभा. म्हणाला, "पोरी, मला एकच सांग. मी जिंकलो का?"

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये ती खिडकीशी आरामखुर्चीत असायची. बोलणं कमी झालेलं. घरात इतकी शांतता की याला भीती वाटायला लागली. म्हणून यानं मुद्दामच वाद काढला. रेडिओ लावला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, की तुझ्या माणसाला देश चालवायचं सोड, साधा ट्रॅक्टर चालवता यायचा नाही वगैरे. वाटलं, ती चिडेल. चिडली की गालांवर रंग येतो तिच्या. आणि ती काय म्हणाली?

"म्हणाली, 'बरं, मिल्टन. तूच बरोबर.'" असं सांगून तो टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला. "सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, टेस. मी म्हटलं, काय म्हणालीस? तर परत तेच. 'तू बरोबर. दे ती मतपत्रिका इकडे.' मी सूप गरम करायला आत गेलो. खरं तर तिच्यासमोर उभंच राहवेना मला. बाहेर आलो तर पाकीट चिकटवलेलं, सही केलेली. म्हणाली, टाकून ये. मीच टाकून आलो."

"मग तिनं तुमच्या..."

"तेच तर विचारतोय! मी तिला दमवलं का गं? मरायला टेकलेल्या बाईशी भांडलो, आणि तिनं एकदाचं सोडून दिलं? तसं असेल तर..." त्यानं टोपी उचलली, परत ठेवली. "मला जिंकायचं नव्हतं. कधीच नव्हतं जिंकायचं."

मी मान खाली घातली. नियम घोकून दाखवला. मत गुप्त असतं, नाकारलेलं पाकीट फोडत नाहीत, शिक्का मारून पेटीत जातं, मुदत संपली की त्याचा भुगा होतो. अगदी पोपटासारखं.

तो म्हणाला, "फोडायला कुठे सांगतोय? तू बघितलंयस."

पकडलं त्यानं मला, ब्री. कारण मी खरंच बघितलं होतं!

मुद्दाम नाही गं, देवाशप्पथ! सकाळी टपालाची पाकिटं दिव्यासमोर धरून बघायची असतात, आत ते जाड आवरण आहे की नाही म्हणून. मतपत्रिका आवरणात घालून मग पाकिटात घालतात, म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. ओपल आवरण घालायला विसरलेली. कागद उलटा दुमडलेला, अध्यक्षाची ओळ नेमकी वर. दिव्यापुढे धरलं आणि सगळं आरपार. मी पटकन खाली ठेवलं, पण डोळ्यांना कोण थांबवणार?

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"अडतीस वर्षं काट्यावर बसलोय मी. बीटखाली दगड भरून आणलेत की नाही, ते ड्रायव्हरच्या तोंडावर कळायचं मला. तुझं तोंड आत्ता तसं झालंय."

आता ऐक, मी काय बघितलं होतं ते. त्याच मतपत्रिकेवर शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत होतं. ग्रंथालयाच्या करालाही 'हो' होतं, गोल अगदी काळाभोर, कडेपर्यंत भरलेला. आणि अध्यक्षाच्या ओळीत काहीच नाही. दोन्ही गोल कोरे. त्याच्या माणसाचाही आणि तिच्या माणसाचाही.

दमली म्हणून सोडलं, की त्याला शब्द दिला आणि तो मोडताही येईना, पाळताही येईना म्हणून? मला काय माहीत! तीन दिवस तेच चाललंय डोक्यात.

तो बघतच होता माझ्याकडे. डोळे लाल, दाढी धड केलेली नाही, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. आजवर असलं सगळं ओपलच बघत असणार. मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "तुमच्या माणसाला नाही दिलंय तिनं."

खोटं नाही ना ते? एक अक्षर खोटं नाही.

पहिल्यांदा त्याला ते ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, तर हसत होता! खिडकीवर हात आपटला. "हट्टी बाई! माझ्या तोंडावर खोटं बोलली! माझ्या हातानं पाठवलं तिनं ते, माझ्या हातानं! आणि मी येडा, तीन आठवडे..." मग हसता हसताच डोळ्यांतून धारा. मी कागदी रुमाल पुढे केला. त्यानं नाक पुसलं, म्हणाला, "म्हणजे शेवटपर्यंत त्याच बावळटाला दिलं तिनं मत!"

इथे, ब्री. इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "आज झोप येईल मला," आणि टोपी घालून गेलासुद्धा.

मी पाकिटावर शिक्का मारला, पेटीत टाकलं. शिक्का तिरका बसला. मग रस्त्याकडच्या खिडकीतून बघितलं तर त्याचा पिकअप अजून तिथेच. म्हटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय! नीट बघितलं. आत बसून तो बाजूच्या रिकाम्या सीटकडे वळला होता आणि बोट नाचवून नाचवून बोलत होता. थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा, मान जोरात हलवायचा आणि परत सुरू. काच बंद होती, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. पण भांडत होता गं, चांगला तावातावानं. अर्धा तास तरी.

मी कोट हातात घेऊन दारापर्यंत गेले होते. पन्नास पावलं असतील फार तर. काचेवर टकटक करून सांगायचं होतं, की मिस्टर रायसिग, तिच्या माणसालाही नाही दिलंय, कुणालाच नाही दिलंय तिनं.

तू असतीस तर गेली असतीस?