वामनरावांचा हात आन् फटफटीचं हँडल

लढाई संपली आन् लष्कराच्या फटफट्या लिलावात निघाल्या, तवापासून माह्या नांदुऱ्याच्या दुकानात सायकली कमी आन् फटफट्याच जास्त. मी तुळशीराम. जातीनं सुतार, कामानं मिस्तरी, आन् तोंडानं कसा हाओ ते सारं नांदुरं जाणते.

वामनराव म्हणजे खेड्यापाड्यात पोराइले देवी टोचत हिंडणारे सरकारी माणूस. आधी सायकलवर फिरत, मंग सरकारनं त्याइले अशीच एक लष्करी फटफटी देली. एक दिवस ते दुकानात आले आन् म्हणे, "तुळशीराम, हँडल जरा मागं घेता येईन काय? मनगटं भरून येतात गा."

माहा पारा चढला. म्हनलं, "वामनराव, विलायतेतल्या इंजिनेरानं बसवलेलं हँडल हाय हे. त्याले हात लावणारा मी कोन? नाचता येईना आन् अंगण वाकडं! मनगटाले तेल चोळा."

बिचारे मनगट चोळत गेले. मी मात्र दिवसभर गिऱ्हाइकाइले सांगत बसलो, का साहेबाची गाडी चालवायले मनगट बी साहेबाचंच लागते.

आठ दिवसांनी मले बहिणीकडे, धामणगाव बढ्याले जायचं होतं. वामनराव बी तिकडेच निघाले होते, त मी त्याइच्या मागं बसलो. बारा-तेरा कोसाची वाट, आन् वाट कसली, निसते गोटे. मोताळ्याजवळ माह्या ध्यानात आलं, का माणूस हँडलवर पार ओणवा झाला हाय. सारं वजन तळहातावर, आन् ब्रेक धरायले मनगट वर मुडपलेलं. पाह्यलं तरी गप्प बसलो. आपली चूक आपल्या तोंडानं कोन कबूल करते?

धामणगावात शाळेसमोर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या गावात देवीनं पाच पोरं नेली होती, म्हणून यंदा बोलावणं न धाडता आल्या होत्या. सगळ्यात पुढं माही बहीण आशाबाई, मांडीवर सात महिन्यांची झुंबर. वामनरावांनी हात धुतले, टोचायचं नस्तर उचललं, आन् ते नस्तर असं थरथरलं का ते मले बी दिसलं आन् आशीले बी.

"थांबा!" तिनं पोरगी छातीशी ओढली. "ह्या हातात माही लेक देऊ? भाजी कापून राह्यले काय?"

ती उठली तशा साऱ्याच उठल्या. घडीभरात शाळेसमोर आम्ही दोघंच उरलो.

वामनराव पायरीवर बसले. "आधी गाडीवरून उतरून थोडं थांबलं का हात ठरे," ते म्हणाले. "आता रोज चार गावं करतो, त ठरतच नाही. ह्या बाया एकदा फिरल्या का परत येत नाहीत, तुळशीराम. पोरं मरतीन रे." आन् एवढा पिकल्या मिशीचा माणूस, डोळ्याले उपरणं लावून बसला. मले भर बजारात कोनी तोंडात मारल्यावानी झालं. लाज वाटली, लय लाज वाटली.

माहा बाप वखराचं रुमणं बनवे. वखर चालवणारा जे हातात धरते, ते लाकूड. एकाचं रुमणं बापानं दुसऱ्याले कधी देलं नाही. आधी माणसाले समोर उभं करे, खांदा ढिला सोडायले लावे, कोपर वाकवायले लावे, आन् मूठ जिथं आपसूक येईन तिथं लाकडावर खूण करे. सुताराचा पोरगा असून मी फटफटीच्या येळेस हे इसरलो. काऊन? त ती साहेबाची होती म्हणून. हत् तिच्या!

"उठा वामनराव," म्हनलं. "गाडीवर बसा. हँडल धरू नका. डोळे मिटा, खांदे सोडा आन् हात नुसते पुढं करा."

त्याइच्या मुठी हँडलाच्या चार बोटं वर आन् वीतभर अलीकडे येऊन थांबल्या. थैलीतून पाना काढला. बोल्ट ढिले केले, हँडल फिरवून अलीकडे आणलं, ब्रेकचा आन् क्लचचा दांडा खाली झुकवला म्हणजे मनगट सरळ राह्यते. मुठीले तरटाची पट्टी गुंडाळली. सीटची स्प्रिंग लष्करातल्या गड्यासाठी कसलेली, ती बी ढिली केली.

"आता मोताळ्याले जा आन् परत या. वाटेत कुठं बसायचं नाही."

ते गेले. मी आशीच्या घरी गेलो आन् हातापाया पडून तिले परत आणलं. तिच्यामागं पाच-सात बाया आल्या, पर दूर उभ्या राह्यल्या, तमाशा पाहायले आल्यावानी.

दुपार कलता कलता फटफटी आली. वामनराव उतरले तसा मी त्याइच्या तळहातावर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. सारे पाहून राह्यले. एक थेंब सांडला नाही.

आशी वाटीकडे पाहेना, माह्याकडे पाहे. "दादा, मले वाटीचं काय समजते? तू सांग. देऊ का पोरगी?"

अरे बापा! आता सारं माह्यावर. माहं मोजमाप चुकलं असन त घाव झुंबरच्या दंडात जाईन. आन् नाही म्हनलं, त शेजारच्या गावातली देवी काय वाट पाहत बसणार हाय?

"दे," म्हनलं.

मी झुंबरचा दंड धरला. वामनराव नस्तर घेऊन वाकले आन् थांबले.

"तुळशीराम, हात हालून राह्यला."

माहा जीवच उडाला. नस्तराकडे पाह्यलं. ते जागच्या जागी होतं.

"माहा नाही," ते हळूच म्हणाले. "तुहा."

आशीनं माहा हात बाजूले सारला आन् लेकीचा दंड स्वतः धरला.