तुलनेची विहीर

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नऊ वर्षं तासिकेवर शिकवलेल्या बाईचा स्वभाव गोड राहत नाही. पर्यावरणशास्त्र म्हटलं की पोरं मागच्या बाकावर डुलक्या काढतात, प्राचार्य म्हणतात, 'मॅडम, तेवढा वृक्षारोपणाचा कार्यक्रम तुम्हीच बघा,' आणि तेव्हा दर जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज करावा लागायचा, जणू मागच्या वर्षी आपण तिथे नव्हतोच. पण आज जे सांगते आहे त्यात चिडायला दुसरं कोणी नाही. मीच आहे.

संग्रामपूर तालुक्यात आमच्या वस्तीच्या विहिरीच्या कठड्यावर निळ्या रंगात लिहिलं आहे : 'पाणी पिण्यास योग्य. डॉ. समता शेगोकार यांच्या संशोधनानुसार.' ती शेगोकार मी. आणि ते लिहिलेलं खोटं आहे.

आमच्याकडे पूर्णेच्या बाजूला गेलं की खारपाणपट्टा लागतो. तिथलं पाणी तोंडात धरवत नाही, आणि किडनीचा पेशंट नाही असं गाव शोधावं लागतं. आमचं गाव पट्ट्याच्या काठावर. गावची विहीर खारी, आमच्या वस्तीची गोड. ती माझ्या आज्याने, पुंजाजीने, सहा माणसांना बरोबर घेऊन खोदली, कारण गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकू देत नव्हते. उन्हाळा आला आणि ज्यांनी हाकललं तेच घागरी घेऊन आमच्याकडे आले. आज्याने कोणाला नाही म्हटलं नाही. दर चौदा एप्रिलला ही गोष्ट आमच्या घरी सांगितली जाते, आणि मला ती कधी जुनी वाटली नाही.

पीएचडीला मी तालुक्यातल्या चाळीस विहिरी आणि हातपंप घेतले. अशा कामात एक चांगली विहीर लागते, जिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. मी आमची निवडली. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, विचारलं, "खात्री आहे?"

"सर, मी त्या पाण्यावर वाढलेय," मी म्हटलं.

विज्ञानाच्या माणसाने द्यायचं उत्तर नव्हतं ते. पण सरांनी चालवून घेतलं आणि विद्यापीठाच्या मंजूर आराखड्यात आमच्या विहिरीचं नाव गेलं.

आमच्या विहिरीचे क्षार तपासले, उत्तम निघाले. जड धातू मोजायचं यंत्र मात्र आमच्या कॉलेजात नाही. बाटल्या नागपूरला पाठवल्या आणि नंबर लागायला वर्ष गेलं. रिपोर्ट आला त्यात कॅडमियम होतं. खतांतून, फवारणीतून झिरपत येतं, मूत्रपिंडात साचत राहतं, आणि त्याला चव नसते. सगळ्यांत वाईट आकडा आमच्या विहिरीचा होता, मर्यादेच्या चौपट.

सरांनी चष्मा काढून ठेवला. "तुलनेचाच नमुना असा, तर प्रबंध उभा कशावर राहणार? बाटली नीट धुतली नसेल."

बाटली मी स्वतः आम्लाने तीनदा धुतली होती. तरी मी म्हटलं, "हो सर, बाटलीच खराब असेल." सरांच्या धाकाने म्हटलं असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं नव्हतं. चाळीस ठिकाणच्या लोकांना त्यांचं पाणी वाईट आहे हे मी तोंड वर करून सांगत फिरले होते. आमचं वाईट असू शकतं हे माझं मन मानायलाच तयार नव्हतं. आज्याची विहीर ती.

पुन्हा तपासायचं तर आणखी एक वर्ष. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका झऱ्याची जादा बाटली होती, तिचा आकडा स्वच्छ होता. सर म्हणाले, "हा आकडा घाल. नाव तेच राहू दे, आराखड्यात मंजूर आहे. नंतर सवडीने बघू." तेव्हा माझं वय अडतीस होतं, आणि कायमच्या जागेची जाहिरात कधीही निघेल असं सगळे म्हणत होते. मी आकडा घातला. सवड काही आली नाही.

पदवी मिळाली, पाठोपाठ जागाही मिळाली. विहारात माझा सत्कार झाला. मायने, जनकाबाईने, नवं लुगडं नेसून मला फुलं दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सासऱ्यानं खोदली, नातीनं तपासली." दुसऱ्या दिवशी पोरांनी कठड्यावर ती अक्षरं रंगवली. मी उभी राहून फोटो काढून घेतला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

माझा भाऊ प्रसेनजित माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याची किडनी आधीपासून थोडी कमजोर होती, गोळ्यांवर निभत होतं. या दिवाळीत त्याचे पाय सुजले. जानेवारीत खामगावला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढं झपाट्याने कसं बिघडलं? पाणी कुठलं पितात?" मी म्हटलं, "पाणी चांगलं आहे." आणि बोलता बोलताच मला नागपूरचा रिपोर्ट आठवला.

त्याच आठवड्यात मी विहिरीतून दोन बाटल्या भरल्या आणि दोन वेगळ्या खासगी प्रयोगशाळांत पाठवल्या. आता पगार असल्यामुळे नंबर लावावा लागला नाही. पंधरा दिवसांत दोन्ही रिपोर्ट आले. चौपट. बाटली तेव्हाही स्वच्छ होती आणि आताही.

सरांकडे गेले. ते निवृत्त झालेत. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "प्रबंध मागे घेशील तर पदवी जाईल. पदवी गेली की नोकरी." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "माझं नाव घे. चूक माझीही आहे." एवढं ते बोलले, हे मी मान्य करते. त्याच संध्याकाळी मी विद्यापीठाला पत्र टाकलं. दीड महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं : प्रकरण समितीसमोर ठेवण्यात येईल. समिती अजून नेमलेली नाही. घरी मात्र मी तोवर काहीच सांगितलं नव्हतं; शुद्ध पाण्याची सोय करून मगच सांगू, असं स्वतःला समजावत होते.

मग मी बुलडाण्याला गेले. शुद्ध पाण्याची यंत्रं कोणत्या गावांना द्यायची याची यादी तिथल्या एका कार्यालयात होती. आमचं गाव आधी यादीत होतं, नंतर काढलं. मी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले. साहेब सज्जन माणूस, चहा मागवला. कपाटातून जाडजूड काळं पुस्तक काढून मधलं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे बघा मॅडम. तालुक्यातलं सगळ्यात चांगलं पाणी तुमच्या गावचं आहे. पाच वर्षांचं संशोधन आहे हे. दोन बाटल्यांवर मी ते कसं खोडू?"

"हा प्रबंध माझाच आहे," मी म्हटलं. "तो आकडा खोटा आहे. मीच घातला."

त्यांनी पुस्तकाची पाठ बघितली, माझ्याकडे बघितलं. "विद्यापीठाचं तसं पत्र आणा," ते म्हणाले. "तोपर्यंत माझ्या कागदावर हेच खरं." चहा आला होता. मी तो प्यायले, कारण त्यांच्यावर चिडायला मला जागाच नव्हती.

तशीच एसटीने घरी गेले. दुपार कलली होती. माय ओसरीवर शेंगा फोडत होती, प्रसेनजित खाटेवर टेकून बसला होता आणि त्याची पोरगी छकुली शेजारी पाटीवर लिहीत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाटली, नागपूर, झरा, आकडा, कठडा. एकही गोष्ट लपवली नाही.

मायने शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "कोनं शिकोलं तुले हे बोलाले?" ती म्हणाली. "आपल्या मानसाईनं खोदली ते इहीर. साठ वर्सं पेऊन राह्यलो आमी. आपलीच इहीर आपल्याले मारन काय?"

"माय, मी खोटं लिहिलं होतं."

"तवा खोटं लिवलं, का आज खोटं बोलून राह्यली?" तिने वर बघितलं. "येक काहीतरी ठरव."

तिला पटवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, माझी विद्या. आणि त्या विद्येची किंमत मीच घालवून बसले होते. मला रडू आलं आणि मी रडले.

प्रसेनजित मात्र सगळं नीट ऐकत होता. तो म्हणाला, "समता, तुले मालूम आहे काय, मी जार लावला होता." मला माहीत नव्हतं. संग्रामपूरहून फिल्टरच्या पाण्याचा जार ऑटोने यायचा, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, दोन वर्षं तो तेच पाणी प्यायला. "तुया सत्कार झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद केला. म्हटलं, बहिणीनं लिवलं, आता कायले पायजे जार."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

छकुलीची शाळेची बाटली त्याने मागून घेतली आणि खाटेवरूनच अंगणात उपडी केली. मग उशाजवळची छोटी लोटी उचलली. डायलिसिसमुळे त्याला दिवसभरात पाऊण लिटरच पाणी चालतं. सकाळी तो ते मोजून ठेवतो आणि घोटाघोटाने पुरवतो, ओठ सालटलेले असतात. लोटीत विहिरीचं पाणी अजून अर्धं होतं.

"दादा, नको," मी म्हटलं.

"जारचा ऑटो आता उद्या सकाळी," तो म्हणाला. "मले तहान लागली. काय पेऊ, ते सांग."

मी घरात बघितलं. माठ, हंडा, बादली, सगळं त्याच विहिरीचं. माझ्या पिशवीतली बाटली बुलडाण्याहून येताना रस्त्यातच संपली होती. गावची विहीर खारी. मी शेजारी धावले असते तर तिथेही आमचंच पाणी होतं.

त्याने लोटी तोंडाला लावली आणि तो प्यायला.